पी हळद नि हो गोरी

ताप उतरला की माणूस बरा झाला, असं आपण सहज धरून चालतो. लालबाग-परळच्या मैदानांवर तर अंगातली कणकण जायच्या आत पोरं कबड्डीच्या चढाईला उभी राहतात. रागाने ‘पी हळद नि हो गोरी’ तोंडात येतं, आणि तिथेच मी अडकतो.

म्हणीतल्या त्या मुलीला उतावळी ठरवून आपण मोकळे होतो. पण हळदीचा पेला तिच्या हाती दिला कोणी? बघायला येणारी मंडळी उद्यावर आली असतील. रंगावरून नकार येईल, हे तिने घरात रोज ऐकलं असेल. पोटात हळद ढकलताना तिला चव तरी कळली असेल का? घाई सगळ्या घराची, आणि बोल तिला एकटीला.

मैदानावरच्या पोरांचंही तसंच. लालबाग-परळच्या या गिरणगावात कबड्डी हा नोकरीचा रस्ता आहे. बँक, रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम. निवड चाचणी हुकली की वर्ष गेलं; वय काही थांबत नाही. त्यात हा खेळच दमाचा. दम लागतो म्हणून सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

फ्लू, डेंगी, कोविड, कशानेही हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. डॉक्टर त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. सुजल्या हृदयाला जोराने पळवलं तर ठोक्यांची लय बिघडून धडधाकट पोर कोसळू शकतं. म्हणून तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवायला सांगतात. बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस कोविडनंतर जानेवारी २०२२ मध्ये असाच थांबला, एप्रिलमध्ये परतला. त्याच्यामागे क्लब होता.

मग तापातून उठलेल्या प्रत्येकाला थांबवावं? अमेरिकेत कोविड होऊन गेलेल्या १,५९७ विद्यापीठीय खेळाडूंच्या हृदयाचा एमआरआय केला. ३७ जणांना ही सूज निघाली, आणि त्यातल्या २८ जणांना काहीच जाणवत नव्हतं. सगळ्यांनाच थांबवलं असतं, तर उरलेले दीड हजार विनाकारण बसून राहिले असते. हे आकडे कळल्यापासून पोरांना रागावण्याचा माझा धीर कमी झाला आहे, आणि काळजी वाढली आहे.

छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर मैदान सोडून आधी डॉक्टरकडे जा, एवढं तर सांगायलाच हवं. आणि संघ निवडणाऱ्यांत तुमच्या ओळखीचं कोणी असेल, तर त्यांनाही विचारा: आजारी पोराची जागा पुढच्या चाचणीपर्यंत राखून ठेवाल का?