येताना वही आण

कराड,
आषाढ, गुरुवार

चि. सौ. धाकटीस,

तू पाठवलेला भरतकामाच्या मशीनचा फोटो पाहिला. देखणं आहे. पडद्यावर मोर निवडायचा, बटण दाबायचं आणि आपला चहा होईपर्यंत तो बाहीवर येऊन बसलेला. क्षणभर मलाही मोह झाला. मग 1 लाख 10 हजार हा आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. फोनवर तुला नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून पत्र. शाळेचे गणवेश देऊन झालेत, लग्नाचे ब्लाऊज थांबलेत; लिहायला सवड आहे.

आधी कर्जाचं. विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे, पहिलं 1 लाखाचं कर्ज 5 टक्क्यांनी मिळतं, हे तू लिहिलंस ते बरोबर. पण ते फेडायचं 18 महिन्यांत. हप्ता पावणेसहा हजारांच्या आसपास जातो. अस्तराच्या ब्लाऊजमागे सगळा खर्च जाऊन हातात अडीचशे उरतात, असं तूच दिवाळीत म्हणाली होतीस. म्हणजे महिन्याचे पहिले 23 ब्लाऊज बँकेचे, चोविसावा तुझा. वैशाखात हे भागेल. पण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, आणि हप्ता काही चातुर्मास पाळत नाही.

हप्त्याची ही युक्ती जुनीच आहे. सिंगर कंपनीने 1856 च्या सुमारास अमेरिकेत हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली, तेव्हाही गणित हेच होतं, की बाई त्यावर शिवेल आणि शिवून हप्ता भरेल. शिवण बायका आधीपासून करतच होत्या, हाताने. काम होतं, मशीन मागून आलं. तू उलट्या बाजूने निघाली आहेस.

म्हणून विचारते, राग मानू नकोस. गेल्या वर्षी किती बायकांनी तुझ्याकडे मशीनचं भरतकाम मागितलं? किती जणींना तू परत पाठवलंस? पत्रात किंमत आहे, रंग आहे, डिझाईनची संख्यासुद्धा आहे. हे कुठेच नाही. आणि चहाचं म्हणशील तर घरगुती मशीनला सुई एकच. मोरात पाच रंग असले की चार वेळा चहा ठेवून उठायचं आणि दोरा बदलायचा. गिऱ्हाइकाने फोनवर दाखवलेली नक्षी हवी असेल तर तिचं पंचिंग, म्हणजे मशीनला कळेल अशी फाईल, करून घ्यायचं, त्याचे पैसे वेगळे. शहरात बारा-बारा, वीस-वीस डोक्यांची यंत्रं एकाच वेळी वीस बाह्या काढतात. त्यांच्या भावाशी तू एका सुईने कशी भांडणार? ज्यांच्याकडे खरंच पैसे आहेत त्या हातची आरी मागतात. तिला लागते लाकडी रिंग, आरीची सुई आणि दोन महिने मान मोडून सराव.

आता माझी फजिती ऐक. तुझ्या आईला अर्धीच ठाऊक आहे.

2006 साली मी पॉवर मशीन घेतलं. खरं कारण सांगते, पलीकडच्या गल्लीतल्या बाईने घेतलं होतं. मोटर तेव्हाची क्लचची, आपण शिवत नसलो तरी घरघरत राहायची आणि मीटर फिरवायची. त्यात भारनियमन. दुपारी वीज गेली की गिऱ्हाईक समोर उभं आणि मी पुन्हा पायमशीनवर. मशीन खराब नव्हतं, अजून चालतंय. अलीकडे मी त्याला सर्वो मोटर बसवून घेतली, ती शिवतानाच वीज खाते. पण तेव्हा कधी तरी मी घड्याळ समोर ठेवून एक ब्लाऊज केला आणि डोळे उघडले. मापं, कटिंग, अस्तर जोडणं, हुक, हातशिलाई, इस्त्री असं धरून अडीच तास गेले. त्यात मशीनवर सरळ टीप घातली ती जेमतेम अर्धा-पाऊण तास. जुकी कंपनीच्या पॉवर मशीनला मिनिटाला 5,000 टाके असं मोठ्या अक्षरांत लिहितात. घालतं की! पडदे, चादरी, कारखान्यातले शर्ट असतील तर तो वेग कामाचा. मुंढ्याचा गोलावा घेताना मात्र आपण चाकावर हात ठेवून एकेक टाका मोजतो. माझं काम अडत होतं हुकांपाशी, आणि मी पैसे घातले टिपेत. हुकांसाठी शेजारची मुलगी दुपारी बसवली असती तर ब्लाऊज खरंच लवकर निघाले असते.

याच्या उलटही केलं. कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन नव्हतं म्हणून अकरा वर्षं कुर्त्यांची पिशवी घेऊन मंडईपाशी जात होते. नगाला दहा रुपये, त्यात काय मोठं, असं म्हणत. जायचं, रांगेत थांबायचं, दुसऱ्या दिवशी आणायला जायचं. एकदा तर भलत्याच बाईचा ड्रेस घेऊन आले आणि खरी मालकीण दारात. एका आषाढात, असाच रिकामा वेळ होता, वहीतली बाहेर दिलेल्या कामाची बेरीज केली. नुसत्या शेवटच्या दोन वर्षांत जुनं ओव्हरलॉक दोनदा आलं असतं. त्याच आठवड्यात घेतलं, सेकंडहँड. माझी काटकसर मला त्या पॉवर मशीनपेक्षा महाग पडली, हे तुझ्या काकांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून माझी रीत अशी झाली की नवीन काम आलं तर आधी बाहेरून करून घ्यायचं, आणि दर वेळी दिलेले पैसे लाल पेनने लिहायचे. लाल आकडे डोळ्यांत खुपायला लागले की दुकानात जायचं. तोवर मशीन दुसऱ्याच्या घरात राहू दे, तेलपाणी त्याचं.

कात्रीला मात्र ही रीत लावत नाही. तिथे मी उधळी आहे. तुझी ती स्वस्तातली कात्री मी गेल्या खेपेला वापरून पाहिली. कापड कापत नाही, चावते. सिल्कचा कट अर्धा सूत सरकला की पुढे मशीन लाखाचं असलं तरी गळा ओढणारच. मेरठची दहा इंची घे. तिथल्या कात्र्यांना 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मी ती त्याच्या कितीतरी आधीपासून वापरतेय. आजवर पाच-सहा वेळा धार लावली असेल. पोरांना त्या कात्रीने कागद कापू देऊ नकोस, जावईबापूंनाही नाही. आणि वाफेची इस्त्री घे. नवशिकीचं शिवण आणि कसलेलं शिवण यांतला निम्मा फरक इस्त्रीचाच असतो. योजनेतून अवजारांसाठी 15 हजारांचं ई-व्हाउचर मिळतं, त्यात हे बसतंय का ते विचार.

भरतकामाचं वेड मी मोडत नाहीये. तुझा हात त्यात चांगला आहे, लहानपणी उशीच्या अभ्र्यावर काढलेली सायली मी अजून ठेवली आहे. एक मोसम आरीचं काम घे. जमेल तेवढं स्वतः कर, उरलेलं बाहेर दे, आणि मशीनचं भरतकाम कुणी मागितलं तर त्याचीही नोंद ठेव. कार्तिकात लाल आकडे मोठे निघाले तर निम्मे पैसे मी घालते, व्याजाशिवाय. तुझ्या आईला सांगू नकोस.

गौरी-गणपतीला येशीलच. नोंदींची वही आण. आणि पॉवर मशीनच्या डीबी सुया, 14 नंबर, दोन पाकिटं. इथे सध्या 16 च मिळतात आणि त्या कॉटनला भोकं पाडतात.

तुझी मावशी