स्यामांतील अयोध्या

बँकॉकपासून उत्तरेस सुमारें ५० मैलांवर थायलंडची जुनी राजधानी आहे. तिला तिकडे ‘अयुथया’ म्हणतात. मूळ शब्द वाचकांस सांगावयास नकोच. रामाधिपति राजानें इ. स. १३५१ मध्यें तीन नद्यांनीं वेढलेल्या भूमीवर ती वसविली. अयोध्या म्हणजे जिच्याशीं युद्ध करणें अशक्य अशी. परंतु १७६७ सालीं ब्रह्मी सैन्यानें ती जाळली. बुद्धाच्या कित्येक मूर्ति आज शिरावांचून बसलेल्या दिसतात. महाधातु विहारांत मात्र झाडाच्या मुळांनीं एक मस्तक कवटाळून धरिलें आहे. त्याचें छायाचित्र घेणारानें त्याहून खालीं बसावें, अशी तेथील रीत. मीहि माझे म्हातारे गुडघे टेकले.

संस्कृतज्ञास येथें मोठी मौज वाटते. ‘सान्फेट’ म्हणजे सर्वज्ञ, आणि नदीकांठचें ‘छायवत्थनाराम’ म्हणजे जयवर्धनाराम! मग ‘हें सारें आमचेंच’ असें म्हणण्याचा मोह होतो. तो खोटा आहे. शब्द इकडून गेले खरे. पण ते निमुळते विटांचे स्तूप त्या लोकांनीं रचले, आणि पडक्या मूर्तींना पीतवस्त्र आजहि तेच पांघरतात.

परततांना बांग-पा-इन येथील राजवाडा पाहिला. तळ्यांतील मंडप सुंदर आहे, पण अयोध्येनंतर तिकडे चित्त लागेना.