जरीपटक्याची फ्रूटी

कागदोपत्री तिचं नाव एफएल स्टुडिओ. जरीपटक्यातल्या छोट्या स्टुडिओंत मात्र ती फ्रूटी. ‘फ्रूटीत टाक’, ‘फ्रूटीत बनव’, ‘फ्रूटी लटकली बे, थांब जरा’ अशा वाक्यांतून ती दिवसभर ऐकू येते. तिचं चिन्ह नारिंगी फळाचं. त्यावर दोनदा टिचकी मारली की काळपट करड्या रंगाचा मोठा पसारा पडद्यावर येतो आणि ती लगेच चार वाद्यं पुढ्यात मांडते: किक, क्लॅप, हॅट, स्नेअर. प्रत्येकापुढे सोळा घरं, चार-चारच्या गटाने रंग बदलणारी. घरावर टिचकी मारली की त्या जागी ठोका. सा आणि रे यांतला फरक न कळणारं पोरगंही पाच मिनिटांत मान डोलावण्याइतकं काहीतरी वाजवून दाखवतं. तिच्या लोकप्रियतेचं अर्धं कारण ही सोळा घरं आहेत. येणाऱ्याला ती परीक्षा घेऊन आत सोडत नाही.

स्वभावाने बोलकी. माउस जिथे न्याल तिथल्या बटणाचं नाव ती वरच्या डाव्या कोपऱ्यात सांगत राहते, कोणी विचारो न विचारो. पण खोडीही आहेत. ‘पॅट’ आणि ‘साँग’ असं एक बटण आहे. ते पॅटवर राहिलं तर पूर्ण गाणं रचून बसलेल्या माणसाला ती एकच तुकडा गोल गोल ऐकवत बसते, आणि नवखा पोरगा कपाळावर हात मारतो: ‘भाऊ, बाकीचं गाणं कुठं गेलं?’ जुन्या फ्रूटीची आणखी एक तऱ्हा होती. चूक पुसायला कंट्रोल-झेड दाबलं की ती एक पाऊल मागे जाई. पुन्हा दाबलं की पुढे येऊन तीच चूक परत मांडे. खरंच मागे जायचं तर तीन बटणं एकत्र दाबावी लागत. नंतर सेटिंगमध्ये ही तऱ्हा बदलायची सोय झाली, पण जुन्या लोकांची बोटं अजून तीन बटणांवरच पडतात.

जन्माने ती बेल्जियमची. डिडिए डाम्ब्राँ या प्रोग्रामरने ती लिहिली आणि इमेज-लाइन कंपनीने डिसेंबर 1997 मध्ये पहिल्यांदा बाहेर काढली. तेव्हा ती नुसतं चार चॅनेलचं ड्रम मशीन होती, स्वतःचा आवाज नसलेलं. मिडीवरून दुसऱ्या वाद्याला हुकूम सोडायची एवढंच. नाव फ्रूटीलूप्स. 2003 मध्ये ते बदलून एफएल स्टुडिओ झालं. एक तर खेळण्यासारखं नाव मोठ्या स्टुडिओंत शोभत नव्हतं. दुसरं म्हणजे अमेरिकेत ट्रेडमार्क घेताना केलॉग्ज कंपनी आडवी आली, कारण त्यांच्या नाश्त्याच्या खोक्यावर जवळपास तेच नाव होतं. बेल्जियममध्ये बारसं दुसऱ्यांदा झालं, जरीपटक्यात पहिलंच नाव चालू राहिलं.

वयाच्या, म्हणजे आवृत्तीच्या आकड्याच्या बाबतीत ती सरळ हिशेब देत नाही. 2015 मध्ये ती 12 होती, 2018 मध्ये एकदम 20 झाली. मधले सात आकडे तिने गाळले, कारण तोवर तिला वीस वर्षं पूर्ण झाली होती. 2022 च्या शेवटी 21, आणि 2024 पासून तिने गाडीच्या मॉडेलसारखं वर्षाचंच नाव लावायला सुरुवात केली.

उत्तर नागपुरातला हा भाग तिला चांगलाच राबवतो. जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी वसवलेली वस्ती. शेजारी इंदोरा, आंबेडकरी चळवळीचं जुनं ठाणं. त्यामुळे एकाच खुर्चीवर सकाळी झुलेलालचं गाणं होतं आणि संध्याकाळी भीमगीत. चेटीचंड चैत्राच्या सुरुवातीला, त्याच्या मागेपुढे 14 एप्रिलची आंबेडकर जयंती. मग लग्नसराई: सिंधी लग्नातले लाडे, छेज नाचाचा ठेका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, त्यानंतर गणपती, मग दसऱ्याला दीक्षाभूमी. अधूनमधून संदल आणि धुमालवाल्यांना पॅडमध्ये भरायला आवाज हवे असतात. बेल्जियमच्या ड्रम मशीनला कोणी सांगितलं असतं की आपल्याला छेज आणि संदल एकाच आठवड्यात वाजवायचं आहे, तर तिने सोळाच्या सोळा घरं बंद करून घेतली असती.

तिची अडचण तालाची होती. सोळा घरांत केरवा छान बसतो. आठ मात्रा, दोन-दोन घरं प्रत्येकीला. दादरा आला की सहाच्या हिशेबाला ती चारचे रंग दाखवत राही. पूर्ण गाण्याचा हिशेब आधी ठरवून बदलता यायचा, पण मुखडा केरव्यात आणि अंतरा दादऱ्यात असला की सगळं मनात मोजावं लागे. 2018 च्या विसाव्या आवृत्तीत एकाच गाण्यात मात्रांचा हिशेब बदलण्याची सोय आली. बाहेरच्या जगाने त्या आवृत्तीचं कौतुक केलं ते मॅकवर चालण्याबद्दल. इथे हार्मोनियमवर वाढलेल्या माणसाने कौतुक केलं ते सहापर्यंत मोजता येऊ लागल्याबद्दल.

तरी ढोलकीची लचक तिला आजही शिकवावी लागते. घरात बसवलेला ठोका काटेकोर पडतो, आणि ढोलकी काटेकोर पडली की मेली. मग पियानो रोल उघडून, ऑल्ट दाबून धरून, एकेक ठोका रेषेच्या केसभर मागे-पुढे सरकवायचा. हे काम कोणत्याही आवृत्तीने सोपं केलेलं नाही. ते ज्याच्या कानात ढोलकी आहे त्यालाच जमतं.

पैशाच्या बाबतीत फ्रूटी दिलदार आहे. बरेच सॉफ्टवेअरवाले नव्या आवृत्तीला नवे पैसे मागतात. तिने एकदा घेतलेल्याला पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट देण्याचा शब्द दिला आहे आणि तो पाळला आहे. पण हा दिलदारपणा वहीत नाव असलेल्यांसाठी. आणि वस्तीतल्या कित्येक पोरांची फ्रूटी आलेली असते पेन ड्राइव्हवरून, ‘क्रॅक’ मारलेली. तिला पुढचं अपडेट मिळत नाही. क्रॅक ज्या वर्षी हाती आला त्या वर्षाशी ती खिळून राहते. म्हणून एकाच गल्लीत कोणाकडे बारा, कोणाकडे वीस, अशा वेगवेगळ्या वयाच्या फ्रूट्या नांदतात. एकाने नवीत बनवलेला ट्रॅक दुसऱ्याच्या जुनीत नेला की नीट उघडत नाही, आणि दोघं एकमेकांना दोष देतात. चोरून न आणता नुसती चाखून बघायची तर कंपनीची चाचणी प्रत आहे. तिच्यात गाणं बनवता येतं, साठवताही येतं. फक्त साठवलेलं पुन्हा उघडायला लायसन्स लागतं. तसं बघितलं तर यापेक्षा सभ्य अडवणूक दुसरी नसेल.

नव्या आवृत्तीची गोष्ट निघाली की स्टुडिओत दोन तट पडतात. पोरांना नवी हवी असते. रंग बदलतात, काही नवे आवाज येतात. खुर्चीवरचा माणूस म्हणतो, ‘चालून राहिलं ना? मग हात कायले लावतं?’ त्याच्या भीतीला कारण आहे. इथल्या धंद्याचा मोठा भाग जुन्या गाण्यांवर चालतो. जयंतीच्या आधी मंडळवाले येतात आणि म्हणतात, ‘गेल्या साली बनवलं होतं तेच द्या, फक्त मंडळाचं नाव बदलून.’ म्हणजे गेल्या सालची फाईल उघडायला हवी. सगळी वाद्यं तिथल्या तिथे असायला हवीत. नावाची ओळ नवी गाऊन घ्यायची, चिकटवायची, गिऱ्हाईक खूश.

इथे फ्रूटीचा खरा स्वभाव कळतो. वरवर वाटतं की तिच्या फाईलमध्ये गाणं आहे. गाणं नसतं. लग्नाच्या यादीत पाहुण्यांची नावं-पत्ते असतात, पाहुणे नसतात, तशी ती फाईल आहे. ‘अमक्या फोल्डरमधला ढोलकीचा तुकडा, तमक्या प्लगइनमधली सनई, इतक्या वाजता, इतक्या जोरात’ एवढंच तिच्यात लिहिलेलं. फाईल उघडली की ती दरवेळी सगळ्यांना नव्याने हाका मारते. सगळे आले तर गाणं वाजतं. एखादा घर बदलून गेला असेल तर ती त्याची जागा रिकामी सोडून पुढे जाते.

जुन्या कॉम्प्युटरवर हे कळत नाही, कारण तिथे सगळे वर्षानुवर्षं त्याच पत्त्यावर राहतात. नवा कॉम्प्युटर, नवी विंडोज, नवी फ्रूटी आली की कळतं. सनईचं ते फुकटातलं प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडलेलं वाद्य, बत्तीस बिटचं होतं. बनवणाऱ्याने कधीच काम सोडलं. नवी यंत्रं चौसष्ट बिटची. विंडोज 11 तर बत्तीस बिटमध्ये निघालेलीच नाही. फ्रूटी अशा जुन्या पाहुण्यासाठी मधे पूल टाकून देते, कधी तो त्यावरून येतो, कधी मधेच बसतो. आणि फोल्डरचं नाव एका अक्षराने बदललं असेल तर ढोलकीही सापडत नाही. गाणं सुरू होतं, किक वाजते, गायक गातो, आणि जिथे सनईने उचलायचं तिथे शुकशुकाट. ‘फ्रूटीनं खाल्ली सनई,’ पोरं म्हणतात. तिने काही खाल्लेलं नसतं. तिच्याकडे सनई कधी नव्हतीच.

उलट ती जुन्याला धरून असते. नवी मोठी आवृत्ती टाकली तरी ती जुनीला घराबाहेर काढत नाही. दोघी एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. जुन्या फ्रूटीत बनवलेली फाईल नवी समजून घेते. नवीने लिहिलेलं मात्र जुनीला नीट वाचता येत नाही. म्हणून शहाणा माणूस जुनी फाईल नवीत उघडली की पहिलं काम करतो कंट्रोल-एन, म्हणजे त्याच गाण्याची पुढच्या आकड्याची वेगळी प्रत. फोल्डरमध्ये ‘जयंती फायनल 2’, ‘जयंती फायनल 9’ अशी रांग लागते ती त्यामुळे. आणि फाईल दुसरीकडे न्यायची तर ‘झिप्ड लूप पॅकेज’ नावाची सोय आहे. तिच्यात वापरलेले सगळे तुकडे सोबत बांधून येतात. ही सोय अनेक वर्षांपासून आहे. मेनूत ती निर्यातीच्या यादीत आहे, आणि त्या यादीत बहुतेकांची नजर एमपीथ्रीच्या पुढे जात नाही.

नव्या आवृत्तीत भुरळ पाडण्यासारखंही काही असतं. 2023 मधल्या 21.2 ला आवाज सुटे करण्याची विद्या आली. तयार गाणं तिच्या हाती दिलं की ती त्याचे चार ढीग करते: ड्रम्स, बेस, बाकीची वाद्यं आणि गळा. ज्या वस्तीत वामनदादा कर्डकांच्या आणि प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटींवर माणसं वाढली, तिथे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. घासलेल्या कॅसेटमधला गळा एकटा बाहेर येतो तेव्हा ऐकणारा बोलायचा थांबतो. पण नीट ऐकलं तर त्या गळ्याला हार्मोनियमची किनार चिकटलेली असते. आपल्याकडे पेटी गायकाच्या सुरावरच चालते. दोघांचे सूर एकमेकांवर बसले की कोणाचं काय हे यंत्राला ठरवता येत नाही. शिवाय गळा सुटा करता आला म्हणजे तो आपला झाला असं नाही. गाण्याचा हक्क ज्याचा आहे त्याचाच राहतो, हे कोणतीच आवृत्ती वरच्या डाव्या कोपऱ्यात सांगत नाही.

खरं म्हणजे घर, म्हणजे कॉम्प्युटर, बदलायला फ्रूटी लावतच नाही, विंडोज लावते. नागपुरात 14 ऑक्टोबर ही तारीख कोणाला समजावून सांगावी लागत नाही. 1956 मध्ये त्या दिवशी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवायला मायक्रोसॉफ्टने निवडलेली तारीखही 14 ऑक्टोबर, साल 2025. म्हणजे ज्या दिवसांत गाण्यांची सर्वांत जास्त मागणी, त्याच दिवसांत कॉम्प्युटर बदलण्याची नोटीस. अशा वेळी जो तो एकच उत्तर देतो: सीझन निघू दे.

ते उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. सीझन इथे संपत नाही, फक्त दम घेतो. दिवाळी आटोपली आणि तुळशीचं लग्न लागायचं आहे, एवढी फट मिळते. नवी आवृत्ती टाकायची ती त्या फटीत. जुनीला हात न लावता नवी शेजारी बसवावी, एकेक चालतं गाणं उघडून बघावं, जिथे कोणी हाकेला ओ देत नाही तिथे जुन्या यंत्रावर परत जाऊन त्या वाद्याची वेगळी वेव्ह काढून आणावी. वेव्ह म्हणजे प्रत्यक्ष आवाज. तिला पत्ता लागत नाही, बिट लागत नाहीत, लायसन्स लागत नाही. गाणं गिऱ्हाइकाच्या हाती दिलं त्याच रात्री ढोलकी, पेटी, सनई, गळा अशा सगळ्यांच्या वेगळ्या वेव्ह काढून ठेवणारा माणूस अपडेटला भीत नाही. आठवण ठेवायचं काम त्याने फ्रूटीवर टाकलेलंच नसतं. तिच्याकडून तो फक्त मांडणी करून घेतो, आणि त्या कामात ती पंचवीसहून जास्त वर्षं मुरलेली आहे.

एप्रिलच्या तोंडावर मंडळवाला येतो. तो आवृत्ती विचारत नाही. ‘नाव बदलायचे किती घ्याल?’ असं विचारतो. ज्याच्याकडे वेव्ह आहेत तो चहा सांगतो आणि माइक लावतो. ज्याच्याकडे नुसती फाईल आहे तो म्हणतो, ‘उद्या या.’