साहेब आहेत का?



ज्येष्ठात दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री विसावतात, तेव्हा पेठापेठांतल्या शाळा आणि वाडे दिंड्यांनी भरून जातात, हे आपण जाणताच. सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीतही एक दिंडी उतरते. तिची व्यवस्था पाहण्याची सेवा माझ्याकडे आहे. त्या सेवेत माझ्या हातून घडलेली एक चूक आज आपल्यापाशी कबूल करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुक्कामाजवळचे स्त्रियांचे स्वच्छतागृह मोडकळीस आले होते. मी अर्ज घेऊन नगरसेविकेच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले आणि मी विचारले, "साहेब आहेत का?"

"ते कामावर गेलेत, काका. नगरसेविका मी आहे. आत या ना."

मी ओशाळलो. त्याच पहाटे काकड्याला मी जनाबाईंचा अभंग म्हटला होता. चांगदेवांसारख्या योग्याने वयाने लहान असलेल्या मुक्ताईला गुरू केले, हे मी चारचौघांत रंगवून सांगतो. आणि एका स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीसाठी मात्र मला पुरुष हवा होता!

ताईंनी वही काढली. "दिंडीत बायका किती? त्यांत वयस्कर किती?" मला पंगतीची पाने ठाऊक होती, हे ठाऊक नव्हते. दिंडी आली त्या संध्याकाळी त्या स्वतः येऊन बायकांत बसल्या. तेव्हा कळले, की वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच बेताने पितात. माझी पत्नीही त्यांत होती. इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारले नव्हते.

माझ्या अर्जात एकच शब्द होता, 'दुरुस्ती'. ताईंनी त्यात भर घातली: आतून नीट लागणारी कडी, दिवा, पिशवी अडकवायला खुंटी, बाहेर हंडा बसेल अशा उंचीचा नळ. शिवाय आधी खालची ड्रेनेजची वाहिनी बदलायची, मग वरची फरशी.

नगरसेविकेच्या हाती पैसे येतात, असे आपल्याला वाटते. तसे नसते. काम अंदाजपत्रकात बसवावे लागते, अभियंत्याकडून खर्चाचा अंदाज काढून घ्यावा लागतो, मग निविदा, मग ठेकेदार. प्रत्येक टेबलापाशी कागद थांबतो आणि त्यामागे कुणीतरी चालावे लागते. ताई चालल्या. त्या वर्षी फिरत्या शौचालयांवरच भागवावे लागले, पक्के काम पुढच्या वारीपर्यंत झाले. त्या ज्येष्ठात आमच्या दिंडीतली एक म्हातारी मला म्हणाली, "बाबा, यंदा पोटभर पाणी प्याले." माउली, एवढे समाधान मला कुठल्या प्रसादाने मिळाले नव्हते.

1993 साली घटनादुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. कमल व्यवहारे पुण्याच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, 2017 मध्ये आमच्या या पेठांतून निवडून गेलेल्या मुक्ता टिळक महापौर झाल्या. कायद्याने खुर्ची दिली खरी. पण दारात उभे राहून 'साहेब' विचारणारा मी, ती खुर्ची रोज थोडी थोडी काढून घेत होतो. नगरसेविकेचे पतीच कारभार पाहतात, अशी तक्रार आपण करतो. त्या पतीकडे आधी जातो कोण? आपणच ना?

वारीत डोईवर तुळस घेतलेली माय समोर आली, की आपण बाजूला होऊन तिला वाट देतो, तिच्या पायाला हात लावतो. तिची लेक हाती वही घेऊन गल्लीतला नळ पाहायला आली, तर तिलाही तशीच वाट द्यायला नको का?

पुढच्या खेपेला अर्ज घेऊन जाल, तेव्हा दारात तिचेच नाव घ्या. मी आता घेतो.

रामकृष्णहरी!