गाडीवाल्यांच्या गावात ट्रॅक कुठाय?

एमएच-२० च्या पोरांना गाडी शिकवावी लागत नाही, ती रक्तातच असते, असा आमच्या शहरात एक गोड गैरसमज आहे. आणि का असू नये? १९८५ मध्ये बजाज वाळूजला आलं आणि इथल्या कितीतरी घरांची चूल चाकांवर पेटू लागली. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाविया तयार व्हायला लागली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तर इथल्या मंडळींनी एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभरच्या पेपरांत आम्ही झळकलो! थोडक्यात काय, छत्रपती संभाजीनगर म्हणजे गाडीवाल्यांचं गाव.

फक्त एक प्रश्न विचारू नका. सोळा वर्षांच्या मुलीला गाडी चालवायला कुठे शिकवायचं?

हा प्रश्न माझ्या गळ्यात टाकला तो ताईच्या मुलीने. बाईसाहेब अकरावीत. भिंतीवर पोस्टर फॉर्म्युला वनचं, तोंडात भाषा टायर आणि लॅप टायमिंगची. 'मावशी, मला नुसती गाडी नाही, ट्रॅकवर चालवायला शिकायचंय,' असं तिने एका रविवारी जाहीर केलं. दाजींचं उत्तर तयार होतं, 'त्यात काय! पहाटे ऑरिकच्या रस्त्यांवर नेऊ. कुत्रंसुद्धा नसतं.' ताईचं उत्तर त्याहून सोपं, 'अठरा झाल्याशिवाय नाव काढायचं नाही.'

दोघांचंही ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे मला तिच्या वर्गाकडे बघून कळत होतं. तिच्या क्लासबाहेर बापाची एसयूव्ही घेऊन येणारे दोघं-तिघं तरी आहेत. बीड बायपासवर एक चक्कर मारून आलं की हीरो! आज ना उद्या हीही त्यांच्यापैकी कुणाच्या शेजारच्या सीटवर बसणार, नाहीतर स्वतःच स्टिअरिंग धरणार. मला भीती होती ती याची.

रिकामा रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे

आधी कायद्याचं बोलू, कारण दाजींसारखे बरेच जण आहेत. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. कारसाठी अठरा पूर्ण हवीत, अगदी लर्निंगलासुद्धा. रस्ता रिकामा असला, सोसायटीतला असला, पहाटेचा असला, तरी जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, आणि रस्त्यावर दोन तरुण इंजिनियर. आपल्यासारखीच नोकरी करणारी, वीकेण्डला बाहेर पडलेली माणसं. ही बातमी मी दाजींना वाचून दाखवली. त्यानंतर ऑरिकचा विषय निघाला नाही.

मग मी शहरात शोध सुरू केला. एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने फोनवर वय ऐकून सांगितलं, 'मॅडम, टेन्शन नका घेऊ, गल्लीगल्लीतून शिकवतो, कोण विचारतंय!' फोन ठेवला. बाकीच्यांनी अठरा झाल्यावर या म्हणून सांगितलं. ते बरोबरच होतं, पण त्यांच्याकडे शिकायचं तरी काय असतं? क्लच, हाफ क्लच, रिव्हर्स आणि आरटीओच्या परीक्षेतला आठचा आकडा. गाडी घसरायला लागली तर हात-पायांनी काय करायचं, ते कुणीच शिकवत नाही.

गंमत म्हणजे आमच्याकडे ट्रॅक आहे! सस्पेन्शन आणि ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स मूळची इथलीच. दुचाकी-तिचाकी तपासायला त्यांनी स्वतःचा टेस्ट ट्रॅक बांधलाय. पण तो पडला कंपनीच्या कामाचा. तिथे गाडीची परीक्षा होते, माणसाची नाही.

नकाशा उघडला की

खरे रेस ट्रॅक कुठे आहेत, ते बघायला बसलो तर सगळे दूर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पण तोही गाड्यांच्या चाचणीचा.

पण सोळाव्या वर्षी रेस ट्रॅक लागतच नाही. लागते ती गो-कार्ट. तुम्ही-आम्ही मॉलमध्ये पोरांचा खेळ म्हणून बघतो ती! मुंबईचा जेहान दारूवाला २०११ च्या 'वन फ्रॉम अ बिलियन' या शोधमोहिमेतून पुढे आला तो कार्टिंग करूनच, आणि २०२० मध्ये फॉर्म्युला टूची रेस जिंकणारा पहिला भारतीय ठरला. फॉर्म्युला फोरला पंधरा वर्षं पूर्ण लागतात. त्याच्या आधीची सगळी शाळा कार्टची.

आणि महाराष्ट्रात ही शाळा सापडली कुठे? कोल्हापुरात! मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. ध्रुव मोहिते इथलाच, आणि ब्रिटिश एफ-३ पर्यंत गेलेला कृष्णराज महाडिकही इथलाच. उद्यमनगरच्या भट्ट्या आणि लेथ मशीनवर वाढलेलं हे गाव. आमच्या वाळूजचं थोरलं भावंडच म्हणा ना. फरक एवढाच, की त्यांनी गाडीचे पार्ट बनवता बनवता ती पळवायला जागाही केली.

शुक्रवारी ऑफिस सुटलं, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. नगर, पुणे, सातारा करत साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. सकाळी मिसळ खाल्ली आणि हेल्मेट घातलं.

कार्ट काय शिकवते?

कार्टमध्ये गिअर नाही, सस्पेन्शन नाही. उजव्या पायाला अॅक्सिलरेटर, डाव्याला ब्रेक. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. कारमध्ये डिफरन्शियल असतो, म्हणून वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू शकतं. इथे ती सोय नाही. त्यामुळे वळणावर आतलं मागचं चाक क्षणभर जरा हलकं व्हावं लागतं, नाहीतर कार्ट सरळच जायला बघते. आणि बूड जमिनीपासून चार बोटांवर! साठचा स्पीड एकशेवीससारखा वाटतो.

पहिल्या सेशनमध्ये भाचीने टायर किंचाळवले, दोनदा गिरकी घेतली आणि खूश होऊन आली. मग टायमिंगचा कागद हातात पडला. सगळ्यात हळू तीच! शिकवणारे सर हसले. 'आवाज करणारा टायर घसरत असतो, आणि घसरणारा टायर पळत नसतो. ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. आत हळू, बाहेर जोरात. आणि नजर कुठे जायचंय तिथे ठेव, कुठे आपटशील तिथे नको.'

दुसऱ्या सेशनला ती शांत चालवत होती. बघायला काहीच मजा नव्हती. आणि टायमिंग प्रत्येक फेरीत उतरत होतं. उतरल्यावर ती बोललेलं पहिलं वाक्य मी विसरणार नाही. 'मावशी, ब्रेक लावल्यावर गाडी लगेच थांबत नाही गं.'

हेच तर! स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर लागणारं अंतर चौपट होतं, हे तिने फिजिक्सच्या पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते तिच्या पाठीला कळलं. आमच्या शेजारून समृद्धी महामार्ग जातो, कारला १२० ची मर्यादा. सरळ रस्त्यावर १२० ला काही लागत नाही. लागतं ते पुढची गाडी अचानक थांबल्यावर.

जाणार असाल तर

ट्रॅकला आधी फोन करा, स्पर्धा असली तर बंद असतो. वय आणि उंचीची अट विचारा. पालकांची संमती लेखी लागते. शिकवणारा माणूस आहे की नुसतंच कार्ट भाड्याने, हेही विचारून घ्या. लांब केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी-स्कार्फ अजिबात नको. २०२० मध्ये हैदराबादला कार्टमध्ये केस अडकून एका तरुणीचा जीव गेला, तेव्हा यात हयगय नको. आणि ज्यांना पुढे स्पर्धेत उतरायचंय, त्यांनी एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेच्या लायसन्सची माहिती काढावी.

'मुलीची जात, कशाला हे खूळ' असं कुणी म्हणालंच, तर पुण्याच्या डायना पुंडोलेचं नाव सांगा. पेशाने शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका रेसिंग कार्यक्रमातून सुरुवात केली आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय सलून कार अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली.

आमची भाची चॅम्पियन होईल का, माहीत नाही. ताईने वर्षातून दोन ट्रिपा मंजूर केल्यात, त्याही मार्कांच्या बोलीवर. शहरात कुणी रविवारी दोन तास एखादं मोकळं, बंदिस्त मैदान, चार शंकू आणि एक चांगला शिक्षक दिला, तर आम्हाला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसावं लागणार नाही. गाड्या बनवणाऱ्या गावाला ते काही जड नाही.

तोवर एक फायदा मात्र पदरात पडलाय. गेल्या महिन्यात क्लासबाहेर त्या एसयूव्हीवाल्याने हिला लिफ्ट देऊ केली. ही म्हणाली, 'आधी लायसन्स दाखव.' आणि रिक्षा करून घरी आली.