गळती

'गळती' हा शब्द आम्हां प्राध्यापक मंडळींच्या परिचयाचा आहे तो विद्यार्थ्यांच्या संदर्भात. प्रथम वर्षाला नाव घातलेली किती मुले तृतीय वर्षापर्यंत उरली, याचा तक्ता दरवर्षी भरावा लागतो आणि त्यापुढे आम्ही दोघेही काही वेळ निरुत्तर होतो. या शब्दाचा मूळ, भौतिक अर्थ मात्र आम्हांला गेल्या दिवाळीच्या सुटीत अंगणात, गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसून शिकावा लागला.

निमित्त साधे होते. आमच्या जुन्या गाडीच्या पुढल्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी चिरली होती. ती बदलणे म्हणजे एक बोल्ट सोडवणे आणि दुसरा आवळणे, एवढाच आमचा समज. संध्याकाळी जुनी नळी काढली, खाली वाडगे ठेवले आणि उरलेले काम सकाळवर टाकले. सकाळी वाडगे भरून वाहिले होते, बॉनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑइल तळाला गेले होते आणि मडगार्डवर पडलेल्या थेंबांनी तिथला रंग खाल्ला होता. हे ऑइल रंगाचे वैरी. सांडताक्षणी पाण्याने धुवावे लागते, हेही तेव्हाच कळले.

तरी आम्ही नवी नळी लावली, डबी भरली आणि गाडी अंगणातच हळू पुढे घेतली. समोर वाड्यातली मुले मातीचा किल्ला लिंपत बसली होती. ब्रेक दाबला तो जवळजवळ तळाला टेकला. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी बुरुजापासून हातभर अंतरावर थांबली. मुले हसली. आम्ही मात्र बराच वेळ गाडीतून उतरलो नाही.

दुपारी ओळखीचे मेकॅनिक आले. म्हणाले, "सर, मॅडम, नळी उघडी टाकून कुणी झोपतं का? हवा धरली ना तिनं!" द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो, हवा मात्र दबते आणि तो जोर स्वतःच गिळून टाकते. पास्कलचा नियम आम्ही शाळेत पाठ केला होता, इतकेच.

मग त्यांनी रीत दाखवली. नळी सोडण्यापूर्वी ब्रेकचे पेडल इंच-दोन इंच दाबून सीटला टेकवलेल्या काठीने तसेच धरायचे. त्यामुळे मास्टर सिलिंडरमधला रबरी कप डबीकडून येणाऱ्या छिद्रापुढे सरकतो आणि वाटच बंद होते. मागचा लाल दिवा तेवढा वेळ पेटत राहतो, म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवायची. नळी पकडीने चिमटायची नाही, आतून फाटते. बोल्टच्या दोन्ही अंगांची तांब्याची वायसरे नवीच घालायची. एकदा चेपलेले तांबे पुन्हा तितकेसे घट्ट बसत नाही.

शेवटी हवा काढणे. हे काम दोघांचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल उघडायचा आणि पाय उचलण्याआधी बंद करायचा. 'दाबा', 'धरलाय', 'सोडा' असा आमचा संवाद तासभर चालला. मध्ये मध्ये डबी भरत राहिलो, कारण ती कोरडी पडली की सारे पुन्हा पहिल्यापासून. अखेर पेडल पूर्ण जोराने दाबून प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. तो कोरडाच राहिला.

सुटी संपली. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपटावर एक जागा रिकामी दिसली. एरवी आम्ही ती मार्चच्या तक्त्यात मोजली असती. तक्ता म्हणजे तरी काय, गळतीखाली ठेवलेले वाडगेच. या वेळी त्याच संध्याकाळी आम्ही त्या मुलीच्या घरी फोन केला. ती परत येईल की नाही, हे आमच्या हाती नाही. पाय थोडा दाबून धरणे मात्र आहे.