दोन समासांमधली रात्र

आमच्या देवघरात दासबोधाची एक जुनी प्रत आहे. ती आमच्या वडिलांची. ते निवर्तले त्या वर्षापासून, म्हणजे एक तपभर, रोज पहाटे स्नान करून तिच्यातील एक समास वाचावयाचा असा आमचा नेम आहे. ग्रंथाचे दशक 20 आणि प्रत्येक दशकाचे समास 10; तेव्हा 200 दिवसांत एक पारायण पुरे होते. अशी 21 पारायणे आजवर झाली. हा आकडा कोणी विचारल्यास आम्ही सांगतो. न विचारल्यास बोलण्याच्या ओघात तो यावा अशी तजवीज करतो.

वाचताना आमच्या हाती शिसपेन्सिल असे. समर्थांनी मनुष्यस्वभावाची लक्षणे मोठ्या बारकाईने सांगितली आहेत. एखादा दोष आला की तो ज्याच्या ठायी आम्हांस दिसे त्याच्या नावाचे आद्याक्षर आम्ही पानाच्या कडेला लिहून ठेवीत असू. गुण आला तर तेथे नुसती बारीक खूण करावयाची. अक्षराची जरूर नसे. वाचकांस हसू येईल, परंतु हा उद्योग आम्ही पूर्ण श्रद्धेने करीत होतो. ग्रंथ जीवनास लावून पाहावा असे सर्वच थोर लोक सांगतात. तो कोणाच्या जीवनास लावावयाचा, एवढा प्रश्न आम्ही स्वतःस कधी विचारला नव्हता.

या अक्षरांत 'दा' हे अक्षर वारंवार येत होते. 'दा' म्हणजे दादा, आमचे थोरले बंधू. वडिलांच्या पश्चात कोकणातील घर व वाडी यांच्या वाटणीवरून आम्हां दोघांत शब्दास शब्द लागला. दादा एक वाक्य असे बोलले की ते आमच्या काळजात जाऊन बसले. दुसऱ्याच महिन्यात आम्ही हक्कसोडपत्रावर सही केली आणि सर्वांस सांगितले, "आम्हांस आता त्या मातीचा मोह उरला नाही." आप्तेष्टांनी आमची वाखाणणी केली. त्यानंतर दरसाल गणपतीपूर्वी दादांचे बोलावणे येई. आम्ही कधी प्रकृतीचे निमित्त सांगत असू, कधी उत्तरच धाडीत नसू. राग म्हणाल तर तो नाहीच, आम्ही त्यांस केव्हाच क्षमा केली आहे, अशी आमची बालंबाल खात्री होती.

गेल्या पावसाळ्यात आमची नात शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेसाठी काही शोधीत होती. तिने ती प्रत उघडली, पाने चाळली आणि विचारले, "आबा, ही कडेची अक्षरे कसली?" क्षणाचाही विलंब न लावता आम्ही उत्तर दिले, "ते पाठभेद आहेत, बाळ." तिचे समाधान झाले व ती निघून गेली. आम्ही मात्र तेथेच बसून राहिलो. नेमाची पोथी समोर, देवापुढे नंदादीप, आणि आमच्या तोंडून इतके सफाईदार असत्य! ते बोलताना जीभ अडखळली नाही, याचेच आम्हांस भय वाटले. सवय झाल्यावाचून अशी सफाई येत नाही.

त्या रात्री दिव्याजवळ बसून आम्ही दुसरा दशक पुन्हा काढला. त्याचा नववा समास विरक्तलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. नवव्या समासात जागोजाग आमच्या बारीक खुणा होत्या. अक्षर एकही नव्हते. दहाव्यात अक्षरांची दाटी झालेली. जो दोष स्वतःजवळ आहे तोच दुसऱ्यास लावतो आणि हे ज्यास उमगत नाही, तोही पढतमूर्खच, असे समर्थ तेथे सांगतात. त्या ओवीपुढे 'दा' लिहून आम्ही खाली दोन रेघा ओढल्या होत्या. 21 वेळा आम्ही ती ओवी वाचली होती. एका पहाटे विरक्ताचे चित्र पाहून आरशात पाहिल्याचा आनंद घ्यावयाचा. दुसऱ्या पहाटे पान उलटले की तोच आरसा खिडकी होत असे, आणि तिच्यातून शेजारपाजार व भाऊबंद दिसत. मध्ये फक्त एक रात्र जात असे.

दुसऱ्यास फसविणारा केव्हातरी पकडला जातो, कारण व्यवहारात खतावणी असते, साक्षीदार असतात. परमार्थात खतावणी आपण लिहावयाची आणि तपासणारेही आपणच. शिवाय तेथली भाषा मोठी उदार आहे. आळसास तेथे संतोष म्हणता येते, भित्रेपणास निवृत्ती म्हणता येते, आणि बारा वर्षे जपून ठेवलेल्या रागास वैराग्य. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना आरंभी अमानित्व आणि लगेच अदंभित्व ठेवले आहे. पतंजलींनी पाच क्लेश मोजताना प्रथम अविद्या सांगितली. हे आम्हांस पाठ होते. औषधाचे नाव पाठ असणे आणि ते पोटात जाणे यांतील अंतर मात्र आम्ही कधी मोजले नव्हते. समर्थ मूर्खाची लक्षणे सांगतात ती टाकून देण्यासाठी. आणि टाकता येते ते आपल्याजवळ असलेलेच. दादांचे दोष आम्ही कसे टाकणार?

प्रथम वाटले, ती अक्षरे पुसून काढावी. खोडरबर हाती घेतलेही. मग ध्यानात आले, हा तर पुरावा नाहीसा करण्याचाच उद्योग! अक्षरे तशीच राहू दिली. थोड्या वेळाने मनात आले, एवढे आत्मपरीक्षण तरी कितीजण करीत असतील? तेव्हा आम्ही कपाळास हात लावला. एका दाराने हाकललेला चोर दुसऱ्या दाराने टाळ वाजवीत आत आला होता.

शेवटी कागद घेतला आणि दादांस पत्र लिहू लागलो. पहिल्या मसुद्यात 'झाले गेले विसरून' असे शब्द आले; तो फाडला. दुसऱ्यात 'आमची भूमिका' आली, तोही फाडला. लेखात 'आम्ही' म्हणण्याची सोय असते. त्या शब्दाच्या दाटीत लेखकास लपून बसता येते. थोरल्या भावास पत्र लिहिताना ती सोय चालेना. तिसऱ्या कागदावर नमस्कारानंतर चारच वाक्ये उतरली: "मी वाटा सोडला तो विरक्तीने नव्हे. तुम्ही लहान दिसावे म्हणून सोडला. मी रागावलो होतो आणि अजून आहे. गणपतीस येऊ का?" तिसरे वाक्य लिहिताना हात थरथरला, परंतु ते गाळले असते तर पुन्हा पाठभेदच झाला असता.

आठ दिवसांनी कार्ड आले. दादांचे अक्षर आता वाकडे येते. "ये. वाडीच्या पायऱ्यांना शेवाळ धरले आहे, काठी आण. मी तेव्हा बोललो ते माझ्याही लक्षात आहे." एवढेच. ते वाचून आमच्या चित्तात काही प्रकाश पडला असे सांगण्याचा मोह होतो. पण तसे काही झाले नाही. छातीवरचे एक ओझे सरकले, आणि त्याखाली किती जागा बधिर झाली होती ते कळले.

गणपतीस आम्ही जाऊन आलो. दोघे भाऊ पडवीत बसलो, बोललो थोडेच. दोन जुन्या गोष्टींवर पुन्हा मतभेदही झाला. आता बाविसावे पारायण चालू आहे. नेम तोच, प्रत तीच, पेन्सिल मात्र देवघराबाहेर ठेवली आहे. आणखी एक बदल केला आहे. दुसऱ्या दशकाचा नववा व दहावा समास आम्ही एकाच बैठकीत वाचतो. त्या दोहोंमध्ये रात्र जाऊ देत नाही.